स्मृतिदिन विशेष : टॉम सिम्पसन, खाण कामगाराचा पोरगा आणि खिशातल्या तीन नळ्या

तलमडुगु, ता. १३ जुलै (वार्ताहर) : आमच्या इथून आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचारला गेलात, तर पोरं धावताना दिसतील. कोणाला तेलंगणा पोलिसात जायचंय, कोणाला फौजेत. ज्यांचे कागद पैनगंगेपलीकडचे आहेत ते महाराष्ट्राच्या भरतीची वाट बघतायत. त्यातल्याच एकाने मागे मला गाठलं. बातम्या देणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं, असा पोरांचा समज असतो. धावण्याआधी घ्यायची कसलीशी गोळी त्याला कोणीतरी सांगितली होती. त्याचा प्रश्न एवढाच होता की, लघवीच्या तपासणीत ती किती दिवस दिसते. गोळीने अंगाचं काय होतं, हे त्याने विचारलंच नाही.

मी बी.कॉम. झालेला माणूस, औषधातलं मला फार कळत नाही. पण सायकल शर्यतींचा नाद मला जुना आहे. म्हणून त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूस १९६७ साली आजच्याच तारखेला, १३ जुलैला, फ्रान्समधल्या एका डोंगरावर सायकलवरून पडून मेला. वय २९. नाव टॉम सिम्पसन. युरोपात हे नाव सायकलवाल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आपल्याकडे फारसं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

टॉमचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७चा, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या हॅसवेल गावचा. बाप कोळशाच्या खाणीत कामाला. सहा भावंडांत हा शेंडेफळ. पुढे घर हलवून हे लोक नॉटिंगहॅमशरमधल्या हारवर्थला आले. तेही खाणीचंच गाव. इकडच्या वाचकांना मंचिर्याल, बेल्लमपल्लीची किंवा तिकडे वणीची कोळसा वस्ती माहीत आहे. पोरगं मोठं झालं की खाणीत उतरणार किंवा फार तर जवळच्या कारखान्यात लागणार, हे ठरलेलं. टॉम सायकलवर किराणा घरोघरी पोहोचवायचा. पुढे एका इंजिनिअरिंग कंपनीत नकाशे काढायच्या कामावर शिकाऊ म्हणून लागला. सुटीच्या दिवशी गावच्या सायकल क्लबात जायचा. हाडापेराने सडपातळ, नाक लांब, आणि हरणं अजिबात न सोसणारा.

१९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौघांच्या सांघिक पाठलाग शर्यतीत ब्रिटनला कांस्यपदक मिळालं. त्या चौघांत टॉम होता, वय जेमतेम १९. दोन वर्षांनी कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक पाठलाग शर्यतीत तो दुसरा आला, आणि सोनं हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पण पदकांवर घर चालत नाही. त्या काळी इंग्लंडात सायकलवर पोट भरणं कठीण होतं. सायकलचा बाजार होता फ्रान्स, बेल्जियम, इटलीत. एप्रिल १९५९ मध्ये हा पोरगा दोन सायकली आणि साठवलेले शंभर पौंड घेऊन फ्रान्सच्या सां-ब्रियू गावी जाऊन उतरला. भाषा येत नाही, जेवण वेगळं, ओळखीपाळखी नाहीत. गावोगावच्या छोट्या शर्यती जिंकत गेला आणि त्याच वर्षी एका व्यावसायिक संघाने त्याला करारावर घेतलं. हेलन नावाची एक इंग्रज मुलगी तिथेच भेटली. १९६१च्या जानेवारीत लग्न झालं, मग दोघांनी बेल्जियममधल्या घेंटला बिऱ्हाड केलं. पुढे दोन मुली झाल्या.

आता इथे थोडा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण हिशेब कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. व्यावसायिक सायकलपटूला सायकल कंपनी किंवा दुसरा कोणी पुरस्कर्ता पगार देतो. त्यात भागतं, पण फारसं उरत नाही. खरी कमाई असते ती मोठ्या शर्यती झाल्यावर गावोगाव भरणाऱ्या जत्रेसारख्या शर्यतींत. आपल्याकडे शंकरपटाला नाव कमावलेली जोडी आणली की गर्दी होते, तसंच तिथे नावाजलेला माणूस आला की तिकिटं खपतात. त्याला नुसता हजर राहायचा पैसा मिळतो. तो किती मिळणार हे ठरतं त्या वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये तो कितवा आला यावर. मध्ये दलाल असतो, त्याची टक्केवारी वेगळी. एक वर्ष वाया गेलं तर पुढच्या वर्षी दर पडतो. कापसासारखंच आहे, माल तोच, पण भाव कोणीतरी दुसराच लावतो.

टॉमने नाव कमावलं. १९६१ मध्ये बेल्जियमची फ्लँडर्स शर्यत जिंकली. १९६२च्या टूर द फ्रान्समध्ये एका टप्प्यानंतर तो आघाडीवर आला आणि त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढली. ती घालणारा तो पहिला ब्रिटिश. दुसऱ्याच दिवशी ती गेली, पण शेवटी तो सहावा आला. १९६३ मध्ये त्याने बोर्दो ते पॅरिस ही साडेपाचशे किलोमीटरहून लांब शर्यत जिंकली. एका दमात, बरं का. १९६४ला मिलान–सान रेमो जिंकली. फ्रेंच वर्तमानपत्रांना हा इंग्रज आवडला. गोल काळी टोपी आणि छत्री देऊन त्याचे फोटो काढायचे, आणि यालाही ते आवडायचं. हसतमुख माणूस होता, लोकांत मिसळणारा. त्याला वाईट म्हणणारं कोणी सहसा भेटत नाही.

१९६५ हे त्याचं सोन्याचं वर्ष. त्याची सुरुवात मात्र कशी होती बघा. त्या वर्षीच्या टूरमध्ये उतारावर पडून हाताला जखम झाली, ती चिघळली, विष रक्तात गेलं. तरी हा सायकल चालवतच राहिला. शेवटी डॉक्टरांनी त्याला शर्यतीतून काढून दवाखान्यात टाकलं, शस्त्रक्रिया झाली. दीड-दोन महिन्यांत हाच माणूस स्पेनच्या सान सेबास्तियानला उभा राहिला आणि जर्मनीच्या रूडी आल्टिगला शेवटच्या धावेत मागे टाकून जगज्जेता झाला. मग इटलीची लोम्बार्डी शर्यतही जिंकली. वर्षअखेरीस बीबीसीने त्याला वर्षाचा खेळाडू निवडलं. या सगळ्याचं तेव्हा कौतुकच झालं. अंग नको म्हणत असताना रेटणं यालाच खेळाडूपण म्हणायची रीत होती. आपल्याकडे अजूनही आहे.

जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी वर्षभर अंगावर असते आणि त्या वर्षात हजेरीचा दर सगळ्यात जास्त मिळतो. म्हणजे १९६६ हे टॉमचं कमाईचं वर्ष ठरायला हवं होतं. जानेवारीत तो बर्फावर घसरगुंडी खेळायला गेला आणि पाय मोडून बसला. त्या वर्षीच्या टूरमध्येही उतारावर पडला आणि शर्यत सोडावी लागली. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तेजीचा हंगाम आणि दुकान बंद.

आता गोळ्यांकडे येऊ. तेव्हा सायकलपटू जे घ्यायचे त्याचं नाव ॲम्फेटामिन. हे टॉमने आणलेलं नव्हतं. १९२४ मध्येच पेलिसिए बंधूंनी टूर मध्येच सोडून आपल्या पिशव्यांतल्या बाटल्या आणि गोळ्या एका पत्रकारापुढे मांडल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला ॲम्फेटामिन वाटलं गेलं आणि युद्धानंतर ते शर्यतीत आलं. घेणारे चोरून घेत होते असंही नाही. दाढीच्या सामानासारखी डबी बॅगेत असायची.

या गोळीने ताकद येते असा समज आहे, तिथेच पोरं फसतात. ताकद बाहेरून येत नाही. अंगात जेवढी आहे तेवढीच असते. थकलो, तापलो, आता थांब, हे अंग मेंदूला सांगत असतं. ॲम्फेटामिन ते सांगणंच दाबून टाकतं. मोटारीचा तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला की आपण गाडी बाजूला घेतो, पाणी घालतो. ही गोळी इंजिन थंड करत नाही, काट्यावर फडकं टाकते. वर आणखी एक होतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला अडते. हृदय जोरात चालतं. थंडीच्या दिवसात माणूस यातून निभावून जातोही. उन्हात कठीण.

१९६५ मध्ये फ्रान्सने कायदा करून शर्यतीत उत्तेजक घेणं गुन्हा ठरवला. १९६६च्या टूरमध्ये बोर्दोला डॉक्टर आणि पोलीस हॉटेलात शिरले आणि पहिल्यांदा लघवीचे नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी सगळे सायकलपटू थोडं अंतर गेले, सायकलवरून उतरले आणि निषेध म्हणून हाताने सायकली ढकलत चालले. मला ते त्यांच्या बाजूने बघितल्यावर समजतं. चार हजार किलोमीटरहून लांब शर्यत आखणारा वेगळा, तिकिटं आणि वर्तमानपत्रं विकणारा वेगळा, आणि पोलीस येतात ते पायडल मारणाऱ्याच्या खोलीत. पण समजतं म्हणून पटतं असं नाही.

१९६७ साली टॉम तिशीला टेकला होता. वर्षाची सुरुवात झकास झाली. मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यत त्याने जिंकली. तिथे त्याच्याच प्युजो संघात एडी मर्क्स नावाचा तरुण बेल्जियन होता, जो पुढे या खेळातला सगळ्यात मोठा माणूस ठरला. टॉमचा बेत साधा होता. या वर्षी टूरमध्ये पहिल्या दहात यायचं, जमलं तर पिवळी जर्सी, पुढच्या वर्षी इटलीच्या संघाकडून चांगल्या पैशात खेळायचं आणि मग हळूहळू निवृत्त व्हायचं. त्याने कॉर्सिका बेटावर मालमत्तेत पैसे घातले होते. दलालही निकाल मागत होता. आणि त्या वर्षी टूर कंपन्यांच्या नव्हे, तर देशांच्या संघांमध्ये होती. ब्रिटनचा संघ कमजोर, म्हणजे टॉमला जवळपास एकट्यानेच लढायचं होतं. प्युजोमधला त्याचा जोडीदार रोजे पँजों फ्रान्सकडून खेळत होता आणि पुढे ती टूर त्यानेच जिंकली.

टॉमसोबत खोलीत राहणारा कॉलिन लुईस याने नंतर सांगितलेली एक गोष्ट आहे. टूर चालू असताना दोन इटालियन आले, टॉमला एक खोका देऊन गेले, आणि आतला वर्षभराचा माल ८०० पौंडांचा असल्याचं टॉमने त्याला सांगितलं. आठ वर्षांपूर्वी हाच पोरगा एकूण शंभर पौंड घेऊन देश सोडून निघाला होता. मी हा आकडा वाचला तेव्हा आधी तेच आठवलं.

आल्प्सच्या डोंगरात टॉमचं पोट बिघडलं. जुलाब, अन्न टिकेना. तरी तो पहिल्या दहात होता. सोबत्यांनी सोडून दे म्हणून सुचवलं, पण यादीत नाव वर असताना कोण सोडतो?

१३ जुलैचा टप्पा मार्सेयहून कार्पांत्राला, २११ किलोमीटरचा, आणि वाटेत माँ वाँतू. उंची १९०९ मीटर. बेदुआँ गावातून सुमारे २१ किलोमीटरचा चढ, खाली झाडी, आणि वरचे सहा किलोमीटर नुसता पांढरा दगड. सावलीला एक झुडूप नाही. आमच्या निर्मलकडच्या महबूब घाटात निदान सागवान आहे. त्या दिवशी पारा चाळिशीच्या वर होता. आदिलाबादच्या माणसाला मे महिन्यातले ४४ अंश समजावून सांगायला नकोत. आपण दुपारी बारानंतर वावरात कोणाला पाठवत नाही, लांब जायचं तर खिशात कांदा ठेवतो. तेलुगूत ज्याला वडदेब्बा म्हणतात आणि आपण ऊन लागणं म्हणतो, त्याने दरवर्षी माणसं दगावतात. बिनागोळीची, नुसत्या कामाने. वाँतूवर मात्र त्या उन्हात तीन आठवड्यांच्या शर्यतीतली माणसं चढावर शर्यत लावत होती. वर पाण्यावर बंधन. वाटेत गाडीतून हवं तेवढं पाणी द्यायची मुभा तेव्हा नव्हती, आणि खेळाडूने जास्त पाणी पिऊ नये असा उलटा समजही होता. संघातले मदतनीस वाटेतल्या हॉटेलांत घुसून हाताला येईल ती बाटली उचलायचे. टॉमने पायथ्याशी अशाच एका बाटलीतली ब्रँडी घोटभर घेतल्याचं सांगतात. जुलाबाने कोरडं पडलेलं अंग, त्यात दारू, त्यात गोळी, आणि समोर तो डोंगर.

माथा एक-दीड किलोमीटर राहिला असताना त्याची सायकल रस्त्यावर या काठापासून त्या काठापर्यंत झोकांड्या खाऊ लागली. मग पडला. मागच्या गाडीतून मेकॅनिक हॅरी हॉल धावला. आता पुरे, असं त्याने सांगून पाहिलं. टॉमला पुढे जायचं होतं. पायाचे पट्टे आवळायला लावले. हॉलने त्याला सायकलवर बसवलं आणि ढकललं. पाच-सहाशे पावलं गेला असेल नसेल, पुन्हा कलंडला. या वेळी माणसांनी धरला. शुद्ध नव्हती, पण हात हँडलवर इतके घट्ट आवळलेले की बोटं एकेक करून सोडवावी लागली. टूरचे डॉक्टर पिएर द्युमा यांनी रस्त्याच्या कडेला तोंडाने श्वास दिला, प्राणवायू लावला. हेलिकॉप्टरने आव्हिन्याँच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी त्याला मृत घोषित केलं. जर्सीच्या मागच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या निघाल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी.

हॉलचं मला फार वाईट वाटतं. त्याचा गुन्हा काय, तर खेळाडू म्हणतो तसं त्याने केलं. आपल्यापैकी कितीजण भरतीच्या मैदानावर कडेला उभे राहून पोराला ओरडून ओरडून पळवतात. त्याच्या पोटात काय गेलंय हे आपल्याला कुठे माहीत असतं?

दुसऱ्या दिवशी शर्यत चालूच राहिली. टॉमच्या मानासाठी कोणी जोर लावला नाही आणि ब्रिटनच्या बॅरी होबनला पुढे जाऊ दिलं. हारवर्थला दफन झालं तेव्हा सुमारे पाच हजार लोक होते. युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेला सायकलपटू एकच, मर्क्स. जुलै संपता संपता लंडनच्या डेली मेलने गोळ्यांची बातमी फोडली आणि शवविच्छेदनानेही ते खरं ठरवलं. रक्तात ॲम्फेटामिन होतं, दारू होती. हृदय बंद पडलं ते उष्णता, कोरडेपणा आणि अतिश्रमाने. तिन्ही-चारही गोष्टी एकत्र. एकटी गोळी नाही, आणि गोळीशिवायही नाही.

माणूस मेल्यावर खेळ सुधारला का? १९६८ची टूर आरोग्याची टूर म्हणून गाजवली, रोज तपासणी ठेवली. पण टॉमला जाऊन अडीच महिने होत नाहीत तोच, सप्टेंबर १९६७ मध्ये, पाच वेळचा टूर विजेता जाक आंकेतील याने तासाभरातल्या अंतराचा विक्रम मोडला आणि लघवीचा नमुना द्यायला नकार दिला. विक्रम मान्य झाला नाही. पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ॲम्फेटामिन जाऊन रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ आलं. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या मालिश करणाऱ्याची औषधांनी भरलेली गाडी बेल्जियमच्या सीमेवर पकडली. त्या वर्षी १८९ जण निघाले आणि पॅरिसला ९६ पोहोचले. २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली, आणि ती दुसऱ्या कोणाला दिलीच नाहीत, कारण दुसरा-तिसरा तरी स्वच्छ होता का याची खात्री नव्हती. बँका आणि कंपन्या संघ सोडून गेल्या. जर्मनीच्या सरकारी वाहिन्यांनी २००७ मध्ये टूरचं थेट प्रक्षेपण मध्येच थांबवलं. आजही कोणी घाटात जोरात निघाला की टीव्हीसमोरचा माणूस आधी शंका घेतो. न घेतलेल्याचं यात जास्त नुकसान होतं.

आपण हसायचं कारण नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२२च्या आकड्यांत भारताचे ३,८६५ नमुने होते, त्यात १२५ दोषी. दोन हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. आणि ही तर तपासलेल्यांची गोष्ट. आमच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांचे नमुने कोण घेतंय?

टॉमला आज तिकडे लबाड म्हणणारे आहेत आणि शहीद म्हणणारेही. मला दोन्ही जरा जास्तच वाटतं. तो घेत होता हे खरं, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने. त्याच्या आजूबाजूचे बहुतेक घेत होते हेही खरं, पण ते बहुतेक म्हातारे होऊन घरी मेले. हेलन तिशीच्या आत दोन लहान मुली घेऊन विधवा झाली. पुढे, १९६९ मध्ये, तिने बॅरी होबनशी लग्न केलं.

त्या पोराला मी एवढं सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं की मेकॅनिकने त्याला पुन्हा सायकलवर का बसवलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वाँतूवर टॉम जिथे पडला तिथे १९६८ मध्ये वाचकांच्या वर्गणीतून दगडी स्मारक उभं राहिलं. तीस वर्षांनी, १९९७ला, त्याच्या दोन्ही मुलींनी तिथे आपल्या नावाची पाटी बसवली. आताही वर चढून जाणारे सायकलवाले तिथे थांबतात, आणि टोपी किंवा पाण्याची बाटली त्या पायरीवर ठेवून पुढे जातात.